दोराचं दुसरं टोक

विहिरीत उतरण्याआधी आबा दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधायचे आणि दुसरं टोक विहिरीच्या मालकाच्या हातात द्यायचे. मालकाच्याच. त्याच्या गड्याच्या नाही, भावाच्या नाही, काठावर हौसेनं जमलेल्या एखाद्या पैलवानाच्या तर मुळीच नाही. मालक ऐंशी वर्षांचा असो, हात थरथरत असोत, दोर त्यानंच धरायचा. "ज्याचं पाणी, त्यानं धरायचं," एवढंच म्हणायचे. एकदा भांडगावच्या एका बागायतदाराचा पंप तुटून विहिरीत पडला. मालक पुण्याला गेलेला. फोनवरून म्हणाला, "आबा, उतरा तुम्ही, माझा मॅनेजर आहे तिथं." आबांनी फोन मॅनेजरला परत दिला आणि पटका उशाला घेऊन विहिरीच्या कडेला झोपले. दुपारी मालक गाडी हाणत आला, पॉलिशच्या बुटांसकट चिखलात उभा राहिला आणि त्यानं दोर धरला. मग आबा उतरले.

राहू गावात माझं मोटार-पंपांचं दुकान आहे. विहिरीत पंप पडला, नदीतल्या पाइपाचा फुटवॉल बुजला, की गिऱ्हाईक आधी माझ्याकडं यायचं आणि मी ते आबांकडं धाडायचो. फुटवॉल म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी बसवलेली जाळीदार झडप. ती नदीच्या तळाशी असते आणि तिच्यात काय काय अडकेल याचा नेम नसतो. आता आबा कारेगावला लेकीकडं असतात. तिथं कंपन्यांतल्या भाडेकरूंच्या गर्दीत, नळाखाली बादली लावून बसलेला हा म्हातारा कोण, हे कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. म्हणून म्हटलं, आपण लिहून ठेवावं.

अंगानं आबा अगदी किरकोळ. बरगड्या मोजून घ्याव्यात. पहिल्यांदा बघणारा माणूस माझ्याकडं वळून हळूच विचारायचा, "हेच का ते?" हळूच विचारायची गरज नव्हती. आबांचा डावा कान फार वर्षांपूर्वी एका खोल विहिरीत फुटला होता. त्यामुळं ते स्वतःसुद्धा, समोरचा माणूस नदीच्या पलीकडच्या काठावर उभा असल्यासारखे बोलायचे. सगळा जन्म पाण्यात गेलेला, पण घरी आंघोळ मात्र दोन तांब्यांत. वरच्या वर पोहणाऱ्यांबद्दल त्यांना भारी तिटकारा. तालुक्याच्या पोहण्याच्या स्पर्धेत पहिला आलेला गडी कुणीतरी त्यांच्या पाया पडायला आणला, तर म्हणाले, "वरवर हात तर बदकंबी मारत्यात. खाली काय हाय त्ये बघितलंस का?" तो गडी पुन्हा त्यांच्या वाटेला गेला नाही.

आबा खाली गेले की मी तंबाखू काढायचो. हे आमचं घड्याळ. तंबाखू मळून, चुना लावून, झटकून, दाढेखाली धरून पहिली पिंक टाकेपर्यंत पाण्यावर साधा बुडबुडा नसायचा. दोर धरून उभा असलेला मालक तोवर रडकुंडीला यायचा. एक हिसका म्हणजे ढील द्या, दोन हिसके म्हणजे ओढा. दोन हिसके बसले की मालकाच्या चेहऱ्यावर जी कळा यायची, ती मी कितीतरी चेहऱ्यांवर बघितली आहे आणि दर वेळी माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं आहे. खरं सांगतो, इतकी वर्षं शेजारी उभं राहूनही मला त्या माणसाची सवय झाली नाही.

आणि हे सगळं डोळे मिटून. आमच्या राहू बेटाला एका अंगानं भीमा आणि दुसऱ्या अंगानं मुळा-मुठा. मुळा-मुठेतून अख्खं पुणं वाहत येतं. "पुण्यात कुणाकडं काय शिजलं, त्ये मला दोन दिसांनी कळतं," असं आबा म्हणायचे. एकदा त्यांनी पाण्यात डोळे उघडून बघितले होते, तर तीन दिवस डोळे सुजून बंद. तेव्हापासून खाली जाताना मिटायचे ते वर येऊन तोंड पुसेपर्यंत मिटलेलेच. ते हातानं बघायचे. चिखलात रुतलेला पंप किती हॉर्सपॉवरचा, कुठल्या कंपनीचा, बेअरिंग कुठल्या बाजूला गेलंय, सगळं बोटांनी वाचायचे. एकदा तर वर येऊन, गिऱ्हाइकादेखत, त्या नदीपल्याडच्या आवाजात मला म्हणाले, "शेठ, ह्याच्यातला पंखा कंपनीचा न्हाई. डुप्लिकेट हाय." तो पंखा मीच बसवून दिला होता. गिऱ्हाइकानं माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं बघितलं. परत येताना मी चिडलो, तर म्हणाले, "बुडीच्या टायमाला खोटं बोललं का दम तुटतो. तुझ्या पंख्यापायी मी मरू व्हय?" तेव्हापासून माझ्या दुकानात डुप्लिकेट माल येणं बंद झालं. लोकांना वाटतं मी सज्जन आहे.

खोटं बोलायचं नाही हा त्यांचा एक नेम, आणि पाण्यातलं बाहेर बोलायचं नाही हा दुसरा. विहिरींच्या तळाशी लोक काय काय टाकतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. ग्रामपंचायतीचा शिक्का एकदा हरवला होता. दोन्ही पार्ट्यांनी एकमेकांवर आरोप केले, मारामारीपर्यंत गोष्ट गेली. एके दिवशी शिक्का मारुतीच्या पायाशी सापडला, आणि त्याच्या खाचांत शेवाळ होतं. कुठल्या विहिरीतलं, हे आबांना बऱ्याच जणांनी विचारलं. "पाण्यातलं पाण्यात," आबा म्हणाले, आणि विषय संपला.

पण या सगळ्याच्या पलीकडं आबांचं आणखी एक काम होतं. बुडालेलं माणूस काढायला त्यांनाच बोलवायचे. त्याचं त्यांनी कधी काही घेतलं नाही, तिथल्या चहालाही शिवले नाहीत. तेव्हा दोर धरायचा तो मेलेल्याच्या सगळ्यात जवळच्या माणसानं. आबा वर यायचे, काठाला लागायचे आणि म्हणायचे, "चादर द्या." दुसरा शब्द नाही. काठावर रडणं सुरू व्हायचं ते त्या दोन शब्दांनंतर. मला वाटतं, आमच्या भागात कितीतरी घरांत आजही कुणी सहज "चादर दे गं" म्हणालं, तर घास घशात अडकत असेल.

नदीकाठच्या मळ्यातल्या आक्काचं घर या घरांपैकीच एक. ऐन उन्हाळ्यात तिच्या मळ्याचा फुटवॉल बुजला. तिचा थोरला मुलगा, दोन लेकरांचा बाप, आबांना बोलवायला आला. त्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला पाण्यात उतरायचं नाही हा आबांच्या वडिलांपासून चालत आलेला नेम. "उद्या उगवतीलाच येतो," आबा म्हणाले. थोरला बरं म्हणून गेला. वाटेत त्यानं विचार केला असेल, झडपेतला पाला तर काढायचा, त्याला असा कितीसा वेळ लागतो. दुपारी तो एकटाच उतरला. त्याच दुपारी, अमावस्या असताना, आबाही उतरले. दोर आक्काच्या हातात होता आणि चादरही तिनंच दिली.

कुणी आबांना बोल लावला नाही. आक्कानं तर कधीच नाही. पण त्यानंतर आबांनी अमावस्या पाळली नाही. आणि आक्का त्यांना जिथं भेटेल तिथं, बाजारात, लग्नात, पिठाच्या गिरणीवर, एकच विचारायची.

"आबा, खाली लई अंधार आसतो का हो?"

"मी डोळं मिटून जातो, आक्का," आबा म्हणायचे. ती मान हलवायची आणि निघून जायची. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

मी एकदा वैतागून म्हणालो, "आबा, नाही म्हणून सांगून टाका की. उजेड असतो म्हणा. म्हातारीच्या जिवाला बरं वाटेल."

"मंग तूच सांग की. मला दुसऱ्या दिशी बुडी मारायची आस्ती."

आबांच्या मनाला मात्र ते लागून राहिलं होतं. एकदा काम संपल्यावर काठावर अंग पुसताना आपणहून म्हणाले, "बुडाल्याल्या समद्यांचं डोळं उघडं आसत्यात, शेठ. हाताला लागतंय. शेवटाला काय बगत आसत्याल?" हा माणूस रोज जिथं जातो तिथलं त्याला एक आणि एकच बघायचं होतं, आणि तेवढंच त्याला दिसत नव्हतं.

अशातच पंप कंपनीनं आम्हा डीलरांना थायलंडची टूर दिली. माझ्या वाट्याला दोन जागा. बायको म्हणाली, "मी नाही येत. मागच्या टूरला चार दिवस तुम्ही सगळे पंपांवरच बोलत होता." टूरचं रंगीत पत्रक काउंटरवर पडलं होतं. आबा काही कामानं आले आणि पत्रकावर बोट ठेवून थांबले. निळंशार पाणी, आजूबाजूला रंगीबेरंगी मासे, मधे तोंडाला नळी आणि डोळ्यांवर काच लावलेला माणूस.

"ह्याचं डोळं उघडं हायती का रं?"

"हो. काच असते ना, पाणी आत जात नाही."

"आन् त्याला दिसतंय?"

"तीस फूट खालचं स्वच्छ दिसतं म्हणून लिहिलंय."

आबांनी पत्रक उचलून दारात उजेडाला नेलं. बराच वेळ बघत राहिले. ज्या माणसानं इतक्या वर्षांत माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, तो पाठमोराच म्हणाला, "मला न्यायचं का?"

पासपोर्टच्या ऑफिसात गंमत झाली. मशिनीवर आबांच्या बोटांचे ठसेच उमटेनात. पाण्यानं बोटं पार गुळगुळीत झालेली. तिथली मॅडम पुसून पुसून दमली. ज्या बोटांना चिखलातलं बेअरिंग कळतं, ती बोटं मशिनीला दिसेनात. शेवटी साहेबाला बोलवावं लागलं. निघायच्या दिवशी आक्का गाडीपाशी आली. आबांच्या हातात नारळ देऊन म्हणाली, "तेवढं बघून या." आबांनी नारळ कपाळाला लावला. तेव्हा मला कळलं, की आपण मजा मारायला चाललेलो नाही.

तिथं समुद्रावर नेणारा टूरवाला मला पहिल्यापासूनच पसंत नव्हता. हिंदी बोलणारा एक गाईड त्यानं आमच्या गळ्यात मारला होता. तो आबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चाचा, टेन्शन नहीं लेने का! पहली बार पानी में जा रहे हो?" आबांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग त्यानं एक फॉर्म दिला. आबा म्हणाले, "काय लिवलंय, वाच." मी वाचत गेलो. दमा आहे का, बीपी आहे का, कान फुटला आहे का.

"लिव, डावा फुटलाय."

गाईड माझ्या कानाशी लागला, "हाँ लिखोगे तो नीचे नहीं जाने देंगे, साब." मी सगळीकडं 'नाही'वर खूण केली आणि आबांना सांगितलं, बरोबर भरलाय. माझं मन मला खात होतं, पण एवढ्या लांब आणून त्यांना बोटीवर बसवून ठेवायचं हे मला जमणार नव्हतं.

पत्रकात होतं ते बेट आलंच नाही. वारा आहे, तिकडं बंद आहे, "इधर भी सेम टू सेम है," म्हणत गाईडनं बोट बंदराला लागूनच थांबवली. तीन टूरांची माणसं एकाच बोटीत कोंबलेली. पाण्यावर डिझेलचा तवंग. काचा साबणाच्या पिंपातून काढून देत होते, त्यांवर इतके चरे की जमिनीवरच काही दिसेना. पाठीवर टाकी बांधायची आणि एका शिकवणाऱ्यानं दोन माणसांना मानेमागं धरून खाली न्यायचं, अशी रीत. मी उतरलो नाही. जन्म पंप विकण्यात गेला तरी मला कमरेवरच्या पाण्याची भीती वाटते, आणि ते कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आबांनी पायरीवर उभं राहून शिकवणाऱ्याला विचारलं, "दोर?" त्याला कळलं नाही. आबांनी कमरेला हात लावून दाखवलं. तो हसला आणि आबांना मानेमागं धरून घेऊन गेला.

मी तंबाखूची पिशवी काढली, तर पुरती मळूनही झाली नाही तोवर आबा वर. शिकवणाऱ्यानं अंगठा दाखवला, सगळे टाळ्या वाजवत होते. आबांनी काच काढली, आणि दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बाकावर बसले.

"आबा, काय दिसलं?"

"भीमा."

"म्हणजे?"

"धुरकाट निस्तं. खाली वाळू, कुणाच्या तरी चपलंचा पट्टा, आन् पावाचं तुकडं. मानगूट धरून खाली दाबतंय बेणं. खाली बघ, खाली बघ. मला धरलंय का पकडलंय, त्येच कळंना."

मग पाण्याखाली काढलेले फोटो दाखवायला आणले. प्रत्येक डीलरच्या उजव्या कानाशी एक पिवळा मासा. चौदा डीलर, चौदा फोटो, आणि मासा तोच, त्याच जागी, त्याच कानाशी. शिरूरच्या आमच्या एका डीलरनं तो फोटो विकत घेऊन दुकानात फ्रेम करून लावलाय आणि अजून गिऱ्हाइकांना दाखवतो. मी मात्र त्या गाईडवर तुटून पडलो. मराठी, हिंदी, जे तोंडाला येईल त्यात भांडलो. तो खांदे उडवत म्हणाला, "साब, समुंदर है, नल का पानी थोड़ी है." तेवढ्यात आबांनी माझी बाही ओढली.

"कागदावर काय लिवलंस?"

मी खाली बघितलं. सांगून टाकलं.

"मंग बरूबर हाय," आबा म्हणाले. "कागुदच खोटा. पाणी कशाला खरं दिसंल?"

ते चिडले नव्हते, हेच मला जास्त लागलं. आक्काचा नारळ माझ्या डोळ्यांपुढं आला. एवढा समुद्र समोर पसरलेला आणि आम्ही रिकाम्या हातानं परत चाललो होतो.

शिकवणारी माणसं टाक्यांसकट दुसऱ्या बोटीवर गेली आणि आमची बोट बंदराकडं वळली. थोडं अंतर गेलं नाही तोच इंजिनानं खाकरल्यासारखं केलं आणि बंद पडलं. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन. आबांनी एका कानानं ओळखला. "पंख्यात दोर गावलाय," ते म्हणाले. कुणाचं तरी तुटलेलं जाळं बोटीच्या पंख्याला गुंडाळलं होतं. लाटा वाढत होत्या. माणसं ओकायला लागली. गाईड फोनवर ओरडत होता. दुसरी बोट यायला दोन तास लागणार होते. बोटीचा कप्तान, माझ्याच वयाचा, ढेरपोट्या माणूस, मागच्या कठड्यावरून वाकून बघत होता आणि डोकं हलवत होता.

आबांनी शर्ट काढला. कोपऱ्यातला दोर उचलून कमरेला बांधला. कप्तानाच्या पट्ट्यातला चाकू आपणच काढून घेतला. तो नको नको म्हणून हात हलवू लागला, तसं आबांनी दोराचं दुसरं टोक त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"ज्याची नाव, त्यानं धरायचं," नदीपल्याडच्या आवाजात, मराठीत.

कप्तानानं दोराकडं बघितलं, आबांकडं बघितलं. मग त्यानं एक पाय बाकाला अडवला आणि दोराला मनगटाचा पिळा दिला. भांडगावचा बागायतदारही अगदी असाच उभा राहिला होता. या कप्तानाला हे कुणी शिकवलं होतं?

काच लावून आबा गेले. बोटीचा मागचा भाग वर उचलत होता आणि दाणकन् आपटत होता, त्याच्या खाली हा पासष्टीचा माणूस. मी तंबाखू काढली, चुना सगळा माझ्या पँटीवर सांडला. दोराला एक हिसका बसला. कप्तानानं आपणहून ढील दिली. दोन बसले, त्यानं ओढलं. आबा दम घेऊन पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला वर आले ते हिरव्या जाळ्याचा भला मोठा गुंता हातात घेऊन. लोकांनी आरडाओरडा केला. कप्तान हात पुढं करून त्यांना वर घ्यायला वाकला. पण आबांनी गुंता त्याच्या पायाशी फेकला, दम भरला आणि काम झालेलं असताना परत खाली गेले.

या वेळी लाटांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. दाढेतली तंबाखू मी केव्हा गिळली मला कळलं नाही. गाईड "खींचो, खींचो" म्हणून ओरडायला लागला. कप्तान हलला नाही. त्याची नजर दोरावरून ढळली नाही. शेवटी दोन हिसके बसले. आबा वर आले तेव्हा त्यांचे डोळे, त्या चरे पडलेल्या काचेमागं, सताड उघडे होते. इतक्या वर्षांत त्यांना उघड्या डोळ्यांनी पाण्याबाहेर येताना मी पहिल्यांदा बघत होतो.

बंदरात कप्तानानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग ती काच आबांच्या हातात दिली. "रख लो बोल रहा है," गाईड म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

हॉटेलात चहा पिताना मी धीर करून विचारलं, "परत कशाला गेला होता?"

"काम झालं. मंग म्हणलं, खाली तर बघून झालं. आता वर बघावं." आबांनी बशी खाली ठेवली. "जलमात कवा वर बघितलंच न्हवतं, शेठ. त्यो मानगूट धरणारा खाली बघ म्हणतोय, आन् मीबी हाताचं काम खालीच करतोय. वर बघितलं तर उजेड हुता."

मला आनंदानं काय करावं ते सुचेना. "आबा, मग झालं की काम! आता सांगा आक्काला."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी पुन्हा एकदा डुप्लिकेट पंखा बसवला होता.

"त्यो समिंदर हाय. तिचा ल्योक भीमेत हुता."

परत आल्यावर आक्का दुसऱ्याच दिवशी विचारायला आली. "थांब जरा," आबा म्हणाले. ते कशासाठी थांबलेत, हे मला कॅलेंडर बघितल्यावर कळलं. अमावस्येच्या दुपारी त्यांनी आक्काला नदीवर बोलावलं. मी होतो, आक्काचा धाकटा मुलगा होता. त्यानं बांबूनं जलपर्णी बाजूला रेटून वाट केली. पाणी तसंच काळंशार, वर फेस. आबांनी दोर कमरेला बांधला. धाकटा सवयीनं पुढं झाला, पण आबा त्याला वळसा घालून आक्कापाशी गेले. तिनं पदर खोचला, दगडाला पाय अडवला आणि दोन्ही हातांनी दोर धरला. त्या उन्हाळ्यात ती अशीच उभी होती.

धोतराचा काचा मारलेला म्हातारा आणि डोळ्यांवर ती परदेशी काच. दुसऱ्या कुठल्या वेळी मी हसून लोळलो असतो. आज तंबाखूची पिशवीसुद्धा खिशातून काढली नाही.

दोन हिसके बसले. आक्कानं ओढलं. आबा काठाला आले, पण बाहेर आले नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी काच कपाळावर सरकवली.

"आक्का, खाली काय बी दिसत न्हाई. सोताचा हात दिसत न्हाई. त्ये मी तुला खोटं सांगणार न्हाई."

आक्काची मान खाली गेली.

"पर वर बघितलं तर उजेड हाय. हिरवा-पिवळा. उसात बसून वर बघितल्यावर पाल्यातनं दिसतो, तसा. लांब हाय, पर हाय. मी बघितला."

मग तिनं जे विचारलं, ते इतक्या वर्षांत तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

"आन् त्यो कसा हुता, आबा? पालथा का..."

पाण्यातलं पाण्यात ठेवणारे आबा. मला वाटलं, आता ते मान फिरवतील. पण ते एक पाऊल पुढं आले आणि इतक्या हळू बोलले, की हा आवाज त्यांच्याजवळ होता हे मला त्या दिवशीच कळलं.

"उताणा हुता, आक्का. मी हातानं बघितलंय. त्वांड वर हुतं."

आक्का रडली नाही. तिनं नुसतं वर, आभाळाकडं बघितलं, आणि पुन्हा पाण्याकडं बघितलं. दोर तिच्या हातात तसाच होता. थोड्या वेळानं धाकटा तिच्याजवळ गेला. "आई, सोड आता. आबांना वर यिऊ दे."

आबांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्या काळ्या पाण्यात ते कमरेला दोर बांधलेले आक्कानं आपण होऊन सोडीपर्यंत तसेच उभे राहिले.